डावी चाकोरी

डावी चाकोरी चार सेंटिमीटर खोल होती. उजवी अडीच.

मी पट्टी पुसून पुन्हा मोजली. तेवढीच भरली.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. आणि ती रात्रीचीही नाही. १९६४ सालचा उन्हाळा, दुपारची वेळ, तिवशाजवळचा एक तलाव. तलावाचे नाव देत नाही. काठावर अजून माणसे राहतात.

माझी त्या वेळची नोंदवही आजही माझ्याकडे आहे. तारखा, पाण्याचे तापमान, चाकोऱ्यांची खोली... सगळे आहे.

फक्त शेवटच्या दिवसाचा रकाना कोरा आहे.

प्राणिशास्त्र शिकून मी मत्स्यखात्यात लागले होते. तलावात सोडलेले मत्स्यबीज कसे वाढते, ते पाहायचे माझे काम. अमरावतीहून आठवड्यातून दोनदा खात्याच्या जीपने यायचे, संध्याकाळी परत जायचे. अमरावतीला भाड्याची एक खोली. तिथे माझी वाट पाहणारे कोणी नव्हते.

तलावावर खात्याचा चाकांवरचा डबा होता. रस्त्याच्या रोलरमागे चालकाची लाकडी खोली असते ना, तसाच. लोखंडी चाके, एक दार, एक खिडकी. आत डाव्या बाजूला बाज, उजव्या बाजूला जाळ्यांची पेटी. उन्हाळ्यात पाणी मागे हटायचे. मग दर आठ-दहा दिवसांनी जीपला साखळी लावून डबा कोरड्या गाळावरून पाण्याजवळ ओढून न्यायचा.

त्या डब्यात श्रावण नावाचा भोई राखणदार राहायचा. त्याची बायको केशरबाईही तिथेच. पौषात एका पहाटे तो जाळे उचलायला गेला.

डोंगा परत आला... रिकामा.

तलावात बुडालेला माणूस दोन-तीन दिवसांत वर येतो. श्रावण आला नाही.

खात्याने त्याच्या जागी केशरबाईला रोजंदारीवर ठेवले. हजेरीपटावर तिच्या नवऱ्याचे नाव हवे होते. तेव्हा मी नवीन होते, मला ते नाव ठाऊक नव्हते. मी विचारले तशी ती खाली बघायला लागली.

"आषाढ सरला का कोन येते, थे लिवा."

जीपचा ड्रायव्हर वामनराव हसला. "भादवा लिवा, बाई."

"भादव्यातला तं तू हायेस," केशरबाई म्हणाली.

पुढे कधीही तिने नवऱ्याचे नाव तोंडातून काढले नाही. जित्या नवऱ्याचे नाव बाई घेत नाही, एवढेच ती म्हणायची.

डबा हलवायच्या आधी मात्र ती दारात उभी राहून आत हाक मारायची.

"ललिताचे बाबा, चाला."

मग खाली उतरायची आणि डब्याच्या मागून चालत यायची.

"हे कशासाठी?" मी एकदा विचारले.

"आमच्या घरचा नेम हाय. बिऱ्हाड हालवाचं तं एकेकाले हाक माराची. नाई तं मानूस मांगंच रायते."

मी नोंदवहीत ते लिहिले नाही. शास्त्राशी त्याचा संबंध नव्हता.

चाकोऱ्यांचा होता. गाळ कुठे किती घट्ट आहे, ते कळावे म्हणून मी त्या मोजायची.

प्रत्येक खेपेला डावी खोल.

आधी वाटले, डावीकडचा गाळ मऊ असेल. मी डबा उलट्या तोंडाने ओढायला लावला. आता उजवी चाकोरी खोल निघाली... म्हणजे बाजेकडचीच.

मग मी बाज बाहेर काढली. पेटीही काढली. डबा पूर्ण रिकामा केला.

केशरबाईने हाक मारली. जीप निघाली.

बाजेकडची चाकोरी दीड सेंटिमीटर जास्त खोल.

मी आकडा नोंदवहीत लिहिला.

एप्रिलच्या शेवटी एका बाजाराच्या दिवशी केशरबाई तिवशाला गेली होती. पाणी बरेच हटले होते. मी वामनरावला म्हटले, "तिची वाट कशाला पाहायची? ओढू या."

डबा सहज निघाला.

"आज हलका लागून रायला," वामनराव म्हणाला.

मी मोजले. डावी अडीच. उजवी अडीच.

मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही.

केशरबाई परतली ती डबा नव्या जागी पाहून थबकलीच. "हाक कोनं मारली?"

"कोणी नाही."

तिने हातातली पिशवी तिथेच टाकली आणि जुन्या जागेकडे पळत गेली. अर्धा फर्लांग तरी असेल. तिथे ओसाड गाळात उभी राहून ती काहीतरी बोलली. मग हळूहळू परत आली. वाट रुंद होती, तरी ती एका कडेने चालत होती... शेजारी कोणासाठी जागा सोडावी तशी.

ती दाराशी येऊन बाजूला झाली. आधी आत गेली नाही.

बाज करकरली.

खिडकीतून मला पूर्ण बाज दिसत होती. तिच्यावर कोणी नव्हते.

बाजेकडची चाके माझ्यासमोर गाळात बसली. सावकाश. मी पट्टी लावली. दीड सेंटिमीटर.

वामनराव जीप पुसत होता. त्याने मान वर केली नाही.

मे महिन्यात खात्याने तलावावरचे काम बंद केले. डबा अमरावतीला न्यायचा हुकूम आला. केशरबाईची रोजंदारीही संपली.

तिची मुलगी ललिता अकोल्याला होती. सातव्या महिन्यात. तिची पत्रे मीच वाचून दाखवायची. प्रत्येक पत्रात एकच मागणे... आई, ये. सासूबाई अंथरुणावर आहेत, माझे करणारे कोणी नाही. पहिले मूल असेच गेले, हे तुला ठाऊक आहे.

"काय कळवू?" मी विचारायची.

"लिवा, येतो म्हना. तुया बाबाले इचारून येतो."

पाच पत्रांना मी हेच उत्तर लिहिले.

शेवटच्या दिवशी सहावे पत्र आले. त्यात दोनच ओळी होत्या. अंगावरून रक्त जाते आहे. डॉक्टरांनी उठू नको सांगितले आहे.

केशरबाईने ते ऐकून घेतले. गाठोडे बांधले आणि दारात येऊन उभी राहिली.

दुपारचे चार वाजले होते. वामनरावने साखळी अडकवली.

"काकू, गाडीत बसा. अकोल्याच्या मोटारीवर सोडतो तुमाले."

ती हलली नाही. तिने हाकही मारली नाही.

मला वाटले, तिने हाक मारावी. खरे सांगते, मला तसेच वाटले. अमरावतीच्या माझ्या खोलीतून निघताना मला कधी कोणी "चल" म्हटले नव्हते.

ती खाली उतरली. वामनरावने गियर टाकला. साखळी ताणली...

डबा जागचा हलेना.

जमीन तिथे भेगाळून दगडासारखी झाली होती. पट्टीचे टोकही आत जाईना. तरी बाजेकडची चाके खाली जात होती. एक सेंटिमीटर. दोन. तीन...

"बाई, हे काय होऊन रायलं?" वामनरावचा आवाज बारीक झाला.

माझ्या हातात पट्टी होती. मी ती खाली ठेवली.

आतून बाज करकरली, कोणी कूस बदलावी तशी.

केशरबाईने दाराच्या चौकटीवर हात ठेवला. कपाळावरचे कुंकू पदराने पुसले. पूर्ण. मग डब्याच्या आत बघून, इतक्या महिन्यांत प्रथमच, तिने ते नाव घेतले.

"श्रावण."

करकर थांबली.

"तुमी आता इथंच राहा. मी लेकीकडं चालली."