शून्य अंतर

आमच्या ऑफिसात साहेबांना सगळे शून्यमहाराज म्हणतात. पाठीमागे. समोर 'सर'. सी भाषेतला प्रोग्रॅम चालताना मध्येच कुठे शून्याला शून्याने भागलं गेलं, तर तो ओरडत नाही. 'नॅन' नावाचं काहीतरी, म्हणजे जो आकडाच नाही असा आकडा, तयार करतो आणि मुकाट्याने पुढे जातो. मग त्याला जे जे शिवेल तेही नॅन. यावर साहेबांचा जालीम इलाज म्हणजे नॅन दिसला की तिथे शून्य भरा. घरात साप दिसला की दिवा मालवायचा, त्यातला प्रकार.

आमचा प्रोग्रॅम मोठ्या इमारतींसाठी होता. आत काम करणाऱ्यांच्या गळ्यातल्या बॅजवरून कोण कुठे आहे ते त्याला कळायचं. प्रत्येक माणूस एक ठिपका. आग लागली तर कोणी कोणत्या दाराने निघायचं आणि कोणतं दार कधी बंद करायचं, हे तो ठरवायचा. ज्याच्या जागी शून्य भरलं तो हिशेबातून गेला. दार त्याच्यासाठी थांबणार नाही. साहेबांच्या मते ही किरकोळ बाब.

त्या दिवशी जेवणानंतर एका नव्या इमारतीची चाचणी होती. तिथे सहाव्या मजल्यावर माझी ताई कामाला. म्हणून मी साहेबांची ओळ काढून माझी घातली. शून्याला शून्याने भागलं गेलं की पुढे जायचं नाही, तिथेच थांबायचं. सापळाच.

प्रोग्रॅम लगेच थांबला. चुका शोधायच्या डीबगरमध्ये पाहिलं, तर दोन ठिपक्यांमधलं अंतर शून्य, आणि गर्दीचा हिशेब करताना प्रोग्रॅम त्याच अंतराने भागत होता. माणसं गर्दीत कितीही चिकटली तरी त्यांच्यात वीतभर तरी उरतंच. ही दोघं अगदी एकाच जागी उभी होती, केसभरही इकडेतिकडे नाही.

दोन्ही ठिपक्यांचा बॅज एकच. ताईचा.

नोंद दोनदा आली असणार, म्हणून तपासलं. एकदाच आली होती. पुन्हा चालवलं. ठिपके खिडकीकडे सरकले होते. दोन्ही, सोबत.

"शून्य भर नि मोकळा हो," मागून साहेब म्हणाले. "एका माणसानं काय फरक पडतो?"

"ती माझी बहीण आहे, सर."

"अरे वा. नमस्कार सांग."

मी ताईला मोबाईल लावला.

"बोल रे दिवट्या. आज कशी आठवण आली?"

"तू खिडकीपाशी उभी आहेस?"

"हो. का? कॅमेरे लावलेत की काय?"

"शेजारी कोण आहे?"

"कोणी नाही. ऐक ना, गंमत. सकाळपासून लिफ्ट मला एकटीला घेतच नाही. 'वजन जास्त' म्हणते. तुझ्यासारखीच आगाऊ आहे मेली."

मी हसलो नाही. एरवी ताईच्या वजनावर माझ्याकडे विनोदांचा भरपूर साठा असतो.

"ताई, जिन्याने खाली उतर. आत्ता. फोन चालू ठेव."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"शिव्या नंतर घाल."

तिने आधी घातल्या, मग उतरली. पायऱ्यांवर चपलांचा आवाज येत होता. धापा टाकत ती माझी अक्कल काढत होती.

"आले बाबा गेटपाशी," ती म्हणाली. "आणि काय रे, एकदम हलकं वाटतंय."

मी प्रोग्रॅम पुन्हा चालवला. शेवटपर्यंत सुरळीत गेला. सापळ्यात काहीच अडकलं नाही.

"बघ, गेली चूक आपोआप," साहेब म्हणाले, स्वतःच घालवल्यासारखे.

मी पडद्याकडे पाहिलं. ताईच्या बॅजचे ठिपके अजून दोनच होते. एक गेटपाशी. एक सहाव्या मजल्यावर, खिडकीपाशी.

अंतर शून्य नव्हतं. म्हणून चूक नव्हती.

टेबलावरचा फोन वाजला. ताईच्या ऑफिसचा नंबर.

"काय रे दिवट्या, मध्येच फोन ठेवलास?" ताई म्हणाली. तिला धाप लागलेली नव्हती.

मोबाईल माझ्या दुसऱ्या कानाला होता. त्यात ताई रखवालदाराला सांगत होती, "भाऊ आहे माझा. जरा अर्धवट आहे."

कोणाशी बोलायचं तेच कळेना.

टेबलावरच्या फोनमधल्या ताईनेही ते ऐकलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिला परत वर येऊ देऊ नकोस हं."