रोज एक नवी चूक

"बाबा, अहो हे काय करून ठेवलंत तुम्ही!" मुलाने मोबाइल जेवणाच्या टेबलावर जवळजवळ आपटलाच, आणि आजोबांच्या हातातला घास हातातच राहिला...

घरच्या ग्रुपवर सकाळी बातमी आली होती की आत्याबाई जिन्यावरून घसरल्या, पाय प्लास्टरमध्ये आहे. खाली सगळ्यांचे 'काळजी घ्या', 'लवकर बऱ्या व्हा'. आणि त्यांच्या अगदी मधोमध, आत्याबाईंच्या सख्ख्या थोरल्या भावाकडून, रंगीबेरंगी फुग्यांसकट, 'हार्दिक अभिनंदन!'

सुनेने पदराआड हसू दाबलं. मुलाच्या चेहऱ्यावर मात्र हसण्याची रेषाही नव्हती.

"हसण्यावारी नेऊ नकोस गं! आधी टॉर्च दिवसभर जळत राहिला. मग प्लंबरला व्हिडिओ कॉल लावला, तोही आंघोळीला जाता जाता. परवा फोटो कापायला गेले आणि त्यात माझंच डोकं उडवलं. चिमणी रोज संध्याकाळी बसून शिकवते, घसा कोरडा करते, तरी यांच्या लक्षात म्हणून काही राहत नाही. बाबा, मी डॉक्टरांची वेळ घेतलीय. विसरण्याचा आजार असेल तर वेळेवर कळलेला बरा. तोवर हा फोन माझ्याकडे. तुम्हाला साधा बटणांचा आणून देतो. आणि चिमणे, तुझी ती शिकवणी आजपासून बंद."

आजार म्हटल्याचं आजोबांना फारसं लागलं नाही. पण शिकवणी बंद! हे दोन शब्द मात्र काळजात रुतून बसले.

काय दिवस आले होते! ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने अख्खा वर्ग चिडीचूप व्हायचा, ज्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्या माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच लेकाने विसराळू ठरवावं... आणि खरी गोष्ट ही, की आजोबांना फोन येत होता! चांगला येत होता. मुलाने फोन हातात दिला त्याच आठवड्यात त्यांनी खोलीचं दार लोटून घेऊन त्याचा कानाकोपरा पालथा घातला होता. 'अरे, मला सगळं येतं,' एवढं एक वाक्य उच्चारलं असतं तर डॉक्टरही टळले असते आणि मानही राहिला असता.

पण समोर त्यांची नात चिमणी बसली होती, मान खाली घालून.

तिचं हे लाडकं नाव आजोबांनीच ठेवलेलं, कारण पोरगी उठल्यापासून झोपेपर्यंत चिवचिवायची. मग नवी शाळा आली. तिथे एकदा फळ्यावर गणित चुकलं, मागच्या बाकावरून कुणीतरी ते गुपचूप मोबाइलवर टिपलं, आणि संध्याकाळपर्यंत ती चूक वर्गातल्या घराघरांत पोचली, खाली हसऱ्या चेहऱ्यांची नुसती रांग! त्या दिवसापासून चिमणीने तोंडाला कुलूप लावलं. विचारलं तर मान हलवायची. आईने जवळ घेतलं, बापाने समजावलं, रागावलं... शब्द म्हणून फुटेना.

आणि अशात, फोन हातात आला त्या पहिल्याच संध्याकाळी आजोबांनी सहजच, फोन उलटसुलट करत विचारलं, "हे बंद कसं करायचं गं?"

"अहो आजोबा, तसं नाही काही! इकडे द्या बघू... किती जोरात दाबताय!"

आजोबांचे कान टवकारले. किती दिवसांनी आलेला हा आवाज! तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं की आता आपण चुकायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका तपासलेल्या. शिकणारा नेमका कुठे अडतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? परीक्षेचा पेपर काढावा तशी ते रोजची चूक काळजीपूर्वक काढायचे. चिमणी डोळे वटारायची, ओरडायची, समजावून सांगायची. घरचे हसायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने आजोबाच हसायचे. चुकलेल्या माणसालाही पोटभर जेवता येतं, हे त्या लेकराला दिसायला हवं होतं.

आता खरं सांगितलं, तर आपण एका जाणत्या माणसालाच शिकवत होतो हे तिला कळणार! सगळे मिळून आपल्याला खेळवत होते असं वाटून ती पुन्हा मिटली तर? आपल्याला विसराळू म्हणोत, वेडा म्हणोत... पण तिचा आवाज पुन्हा हरवायला नको! नको, देवा!

"घे बाबा," त्यांनी फोन मुलाकडे सरकवला. "वय झालं. आता नाही राहत माझ्या डोक्यात."

सुनेचे डोळे भरून आले. "अहो, निदान जेवताना तरी..."

तेवढ्यात खुर्ची करकरली.

"आजोबांना काहीही झालेलं नाही!"

चिमणी उभी होती. हा एवढा आवाज तिच्यातून निघाला यावर कुणाचा विश्वासच बसेना.

"चिमणे, तू बस खाली."

"नाही बसणार! बाबा, विसरणारा माणूस तीच तीच चूक करतो. आजोबांनी एक चूक कधी दोनदा केलीय? मी एक शिकवलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या पुढची! आधी सोप्या, मग अवघड. असं कुणी विसरतं का? असं... असं फक्त शिकवणारी माणसं करतात!"

आजोबा बघतच राहिले. "तुला... कधी कळलं?"

"टॉर्चच्या वेळीच! तुमचं बोट बरोबर बटणावर गेलं होतं, मग तुम्ही ते मुद्दाम भलतीकडे नेलंत."

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलले असते तर तुम्ही लगेच पास झाला असता. मग मी रोज कुणावर रागावले असते?" ती हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "आजोबा, आज बाईंनी विचारलं तेव्हा मी स्वतःहून फळ्यापाशी गेले. चुकलं. सगळी हसली. मग मी पण हसले, तुमच्यासारखी, आणि पुसून परत सोडवलं... बरोबर आलं!"

आजोबांनी दोन्ही हात पसरले. ती धावत येऊन बिलगली, आणि त्या वृद्ध छातीत इतके दिवस कोंडलेला हुंदका अखेर फुटला.

मुलाने हळूच विचारलं, "पण मग ते अभिनंदन?"

आजोबा ओशाळले. "ती मात्र खरीच चूक. चष्मा खोलीत राहिला होता."

तेवढ्यात फोन वाजला. आत्याबाईंचं उत्तर होतं, 'आभारी आहे दादा. तुझ्याही पायाला असंच यश लाभो!' घर हसण्याने दणाणून गेलं. सुनेला तर ठसकाच लागला.

हसू ओसरलं तसा मुलगा खुर्ची ओढून वडिलांच्या शेजारी येऊन बसला. फोन त्याने त्यांच्या हातात परत ठेवला, पण आपला हात काही काढून घेतला नाही.

"माझं चुकलं, बाबा. एवढं ऐकून घेतलंत, एक शब्दही उलट बोलला नाहीत..." बोलता बोलता तो थबकला. वडिलांकडे नव्यानेच पाहू लागला. "बाबा, लहानपणी मी रोज तुम्हाला बुद्धिबळात हरवायचो... सगळ्या गल्लीत सांगत सुटायचो... ते...?"

आजोबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला आणि पुन्हा नाकावर ठेवला.

"छे छे!" ते म्हणाले. "ते तू खरंच जिंकायचास."

चिमणीने पटकन तोंडात मोठा घास कोंबला आणि ताटाकडे बघत राहिली.