पुसलेली ओळ

चष्म्याचा स्क्रू पडला तो नेमका सोमवारी सकाळी, कामाच्या ऐन घाईत. एक काडी हातात आणि उरलेला चष्मा नाकावर तोलत ती जिना उतरली आणि खालच्या दुकानात शिरली. दोन वर्षं ती या दुकानाच्या डोक्यावर बसून काम करत होती, पण आत पाऊल टाकायची वेळ कधी आली नव्हती.

"बसा," चष्मेवाला म्हणाला. "द्या इकडे."

तिने चष्मा दिला आणि सगळं जग पुसट झालं. समोर एक निळा शर्ट, त्याच्यावर बहुधा हसू. गल्ल्यापाशी विणकाम घेऊन कुणी बसलं होतं. ती त्याची आत्या होती, हे "आत्या, बारीक पेचकस कुठे ठेवलास?" या हाकेवरून कळलं. आणि काउंटरवर एक उघडा लॅपटॉप. पडद्यावर एक रेष खालून वर, फूटपट्टीने आखावी तशी गेली होती.

"ही रेष खोटी आहे," ती म्हणाली.

पेचकस थांबला. "तुम्हाला चष्म्याशिवाय दिसतेय?"

"दिसतेय ना. इतकी सरळ आहे, म्हणून तर खोटी आहे. असल्या रेषा मी रोज बघते. चलनाच्या भावांवरची स्क्रिप्ट आहे ना ही?"

तिचं रोजचं कामच हे होतं. चलनांची खरेदी-विक्री आपोआप करणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाचे छोटे प्रोग्राम, एक कंपनी तिच्याकडे पाठवायची आणि खरे पैसे लागण्याआधी ती त्यातल्या चुका काढायची. आईचं म्हणणं, चुका काढणं हा हिचा जन्मजात स्वभाव, कंपनी फक्त त्याचा पगार देते.

"मी स्वतः लिहिलीये," चष्मेवाला म्हणाला. आवाजात अभिमान होता. "सात वर्षांच्या जुन्या भावांवर चालवून पाहिली. एक महिना तोट्याचा नाही! हिच्या जोरावर मी दुकान विकतोय."

"बघ ना गं पोरी," आत्याने सुया थांबवल्या. "याच्या बापाने उभं केलेलं दुकान शेजारचे बूटवाले काका घेणार, आणि हा लॅपटॉप घेऊन जगभर भटकणार. परत यायचं नावच नाही."

चष्मा नाकावर परत आला. हसू खरंच होतं... आणि छानही होतं. तिने घाईने पडद्याकडे पाहिलं. दोन मिनिटांत चूक सापडली.

"ही ओळ बघा. तुमची स्क्रिप्ट खरेदी करते सकाळच्या भावाने. पण घ्यायचं की नाही हे ठरवते त्याच दिवशीचा संध्याकाळचा भाव बघून. जुन्या आकड्यांत संध्याकाळ आधीच लिहिलेली असते हो. खऱ्या सकाळी ती कुठून आणणार?"

तिने ओळ बदलली, स्क्रिप्ट पुन्हा चालवली. रेष थोडी वर गेली, अडखळली आणि घसरगुंडीवरून सुटावी तशी खाली आली.

कुणीही तोंड पाडलं असतं. हा मात्र मनापासून, खळखळून हसला. "म्हणजे हात दाखवून अवलक्षण! मी, लोकांची नजर तपासणारा माणूस, आणि माझ्याच स्क्रिप्टला नको तितकं लांबचं दिसत होतं." मग शांतपणे म्हणाला, "शिकवाल? काकांना सहा आठवड्यांचा शब्द दिलाय. सहाव्या शनिवारी अकरा वाजता सह्या."

ती हो म्हणाली. का म्हणाली, याचा विचार तिने जिना चढताना केला आणि तो अर्धवट सोडून दिला.

ठरलं असं, की फाइल दोघांना उघडता येईल अशी ठेवायची. तो दिवसभर दुकान सांभाळून लिहील, संध्याकाळी ती तपासेल. पहिल्याच दिवशी तिने बजावलं, "बदल बिनधास्त करा. फाइलच्या इतिहासात प्रत्येक बदल वेळेसकट राहतो. लिहिलेलं पुसलं तरी तिथे सापडतं." आणि ओळीच्या सुरुवातीला हॅशची # ही खूण लावली की ती ओळ संगणक वाचत नाही, फक्त माणसं वाचतात, हेही तिनेच सांगितलं. तो शेरा असतो, काम समजावं म्हणून.

शेरे आधी कामाचेच होते.

# दलालाचा वाटा प्रत्येक व्यवहारातून वजा करा. कागदावरचा नफा अर्धा तिथेच जातो.

# किती तोटा झाला की थांबायचं, ते आधी लिहा. तोटा होत असताना कुणालाच थांबावंसं वाटत नाही.

# तीन वर्षांचे भाव बाजूला ठेवा. स्क्रिप्टने न पाहिलेल्या भावांवर ती टिकली, तरच खरी.

त्याचे शेरे मात्र वळणावळणाने यायचे.

# केलं. तपासनीसबाई, आज जिन्यावर तुम्ही गुणगुणत होतात. संगणक ही ओळ वाचत नाही, काळजी नसावी.

# संगणक वाचत नाही, पण मी वाचते. पुढची चूक सुधारा.

# कुठली? चुकांशिवाय तुम्ही खाली येत नाही, म्हणून दोन जास्त ठेवल्यात.

ती खाली जायची. आधी चुका दाखवायला, मग चष्मा पुसून घ्यायला, मग काहीच कारण नसताना. बाहेर रिमझिम असली की आत्या कॉफीचे तीन कप भरायची, आणि स्वतःचा उचलून मुद्दाम आतल्या खोलीत जायची.

"पण परत न येण्यासाठी का जायचं?" तिने एकदा विचारलं.

तो भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिला. "अकरा वर्षं लोकांना विचारतोय, आता नीट दिसतंय का? मी मात्र हा तक्ताच बघतोय. आणि परत यायला... इथे आहेच कोण? आत्या येतेय माझ्याबरोबर. तिने तर बॅगही घेतली."

तिने कॉफी एका दमात संपवली. जीभ पोळली. तिला हा माणूस आवडत होता, आणि तो शनिवारी सही करून निघून जाणार होता. सरळ हिशेब होता, आणि तिला तो अजिबात मान्य नव्हता.

सह्यांच्या आठवड्यात, बुधवारी, तिला एक शेवटची उणीव दिसली. मोठी बातमी येते त्या घटकेला भाव उड्या मारतात आणि त्याची स्क्रिप्ट त्या धांदलीत खरेदी करायला धावायची. डेमो खात्यावर, खोट्या पैशांत, तीन आठवडे कमावलेलं सगळं दोन घटकांत जायचं. बातमीच्या वेळी गप्प बस, एवढी एक ओळ घातली की स्क्रिप्ट पायावर उभी. न घातली, तर स्क्रिप्ट बुडेल... आणि माणूस राहील.

मोह झाला नाही असं नाही. पण चूक माहीत असून गप्प बसणं तिला जमण्यातलं नव्हतं, आणि असं अडवून ठेवलेला माणूस तिला नको होता. तिने ओळ घातली. रेष हळूहळू, ठेचकाळत, पण खरीखुरी वर गेली. त्याखाली तिच्या हातून आणखी एक ओळ लिहिली गेली.

# जाऊ नका.

दोन मिनिटं ती बघत राहिली. मग कानापर्यंत लाल होऊन पुसून टाकली.

गुरुवारी आणि शुक्रवारी त्याचे शेरे फक्त कामाचे होते. तिचेही.

शनिवारी साडेदहाला ती खिडकीत उभी होती. खाली बूटवाले काका कडक इस्त्रीच्या कपड्यांत, कागदांची फाइल घेऊन दुकानात शिरले. आणि तेव्हा तिला आठवलं. इतिहास! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तिने धावत फाइलचा इतिहास उघडला.

बुधवार, सहा दहा: तिची ओळ आली. सहा बारा: गेली. आणि त्याखाली, सहा चाळीसला, त्याची एक ओळ. तीही मिनिटभराने पुसलेली.

# मग तोंडाने सांगा ना.

ती चपला न घालताच जिना उतरली.

काकांनी पेनचं टोपण काढलेलं होतं. आत्याच्या पायाशी नवी बॅग. तो वर बघत होता, जिन्याकडेच, जणू केव्हाचा.

"जाऊ नका," ती दारातूनच म्हणाली. धाप लागली होती, पण आवाज ठाम होता. "म्हणजे फिरायला जा, खुशाल जा. पण दुकान विकून, परत न येण्यासाठी जाऊ नका. इथे कोण आहे म्हणालात ना? मी आहे. मला तुम्ही आवडता. आणि पुढच्या खेपेला मीही येणार."

मग काका म्हणाले, "अहो, पण मग मी काय करू?"

"तुम्ही बूट विका," आत्या म्हणाली आणि तिने त्यांच्या हातातल्या पेनाला टोपण लावलं.

चष्मेवाला काउंटरच्या बाहेर आला. तिचा चष्मा घामाने घसरला होता, तो त्याने एका बोटाने अलगद वर सरकवला. "तीन दिवस वाट बघतोय," तो हळूच म्हणाला. "सही केली नसतीच मी. पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. आता ही ओळ पुसू नका हं."

"पुसून काय उपयोग," ती हसली. "नोंद राहतेच."