मीठ आधी, साखर मग

हर्षाली कोल्हेने दूध वाटीत पिळून काढलं आणि बेसिनमध्ये ओतून दिलं. अठरा दिवसांच्या राहीला आईचं दूध पचत नव्हतं. प्यायली की पाण्यासारखे जुलाब. पाच दिवस अंगावर पाजणं बंद होतं, आणि वाटी रोज थोडी कमीच भरत होती.

"नव्या औषधाचा आज तिसरा आणि शेवटचा प्रयत्न," डॉ. वाघुळदे म्हणाल्या. "नाही जमलं तर डब्यातलं खास दूध. त्यावरही छान वाढतात मुलं, ताई."

"वाढतात हो. पण..." हर्षालीने ओढणी सारखी केली.

राहीच्या नाकातून केसाएवढी तार आतड्यापर्यंत गेली होती. हा यंदाच आलेला रेणूदर्शक. जिवंत पेशीच्या भिंतीतलं एकेक प्रथिन तो पडद्यावर हलताना दाखवायचा.

"हे बघा," डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं, "दुधातली साखर पेशीत वाहून नेणारं प्रथिन. बाहेरचं दार उघडतं, साखर शिरते, ते मिटतं, मगच आतलं उघडतं. दोन्ही एकदम कधीच नाही."

"आमच्या लॅबसारखंच की!" हर्षाली जळगावला बाटल्यांत केळीची रोपं वाढवायची. तिथेही पहिलं दार मिटल्याशिवाय दुसरं उघडत नसे, नाहीतर धूळ आत.

"अगदी! राहीचं एका दुव्यापाशी वाकडं घडलंय, बिजागरी अडकते. औषधाचा रेणू पाचरीसारखा बसून ती सरळ करतो."

साखरपाण्यातून औषधाचे थेंब गेले. पाचर बसलेली स्पष्ट दिसली. साखरेचे कण दारावर आपटले आणि परतले.

"हाही वाया गेला," सिस्टर तडवी पुटपुटल्या.

हर्षालीची नजर मात्र हटेना. दारामागे दोन खळगी रिकामी होती.

"ह्या जागा कुणाच्या, डॉक्टर?"

"सोडियमच्या, म्हणजे मिठातल्या कणांच्या. पेशीबाहेर ते जास्त, आत कमी. उतारावरच्या पाण्यासारखे ते आत धावतात आणि साखरेला ओढून नेतात. पण आधी ते बसायला हवेत. त्याशिवाय दार..." डॉक्टर थबकल्या. "सिस्टर, औषधासोबत येते ती मिठाची पुडी घातली होती ना थेंबांत?"

"नाही बाई."

"तिन्ही वेळा?"

"वर्षाच्या आतल्या लेकराला मीठ कोण देतं? तीस वर्षं आयांना हेच बजावतेय मी! म्हटलं, पुडी करणाऱ्यांना काय कळतंय."

"अहो, सलाईनमधलं मीठ शिरेत जातंय, आतड्यात नाही! आतड्यातलं मीठ जुलाबांनी धुऊन नेलंय तिचं!"

पुडी सिस्टरांनीच विरघळवली. मीठसाखरेचे थेंब गेले. एक खळगं भरलं. दुसरं भरलं. बाहेरचं दार उघडलं, साखर शिरली, दार मिटलं. तिघींनी श्वास रोखला. आतलं दार उघडलं.

"गेली! आत गेली!" सिस्टरच सगळ्यांत मोठ्याने ओरडल्या. पडद्यावर एक, मग दहा, मग सगळी भिंतच उघडमीट करू लागली.

त्या ओरडण्याने राही जागी झाली आणि तोंड वळवून काहीतरी शोधू लागली. हर्षालीला पान्हा फुटला. तो आता आटणारच असं ती धरून चालली होती.

"घ्या तिला जवळ," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त पाचर चार तासच टिकते, दर वेळी आधी थेंब द्यायचे. कायमचं हवं तर तिचं जनुकच बदलता येईल आता. पण तो बदल पुढे तिच्या लेकरांतही उतरेल. सावकाश ठरवा."

राही चुटुचुटु ओढू लागली होती. हर्षालीने तिच्या इवल्या मुठीत आपलं बोट दिलं. जिला अजून आईचा चेहराही नीट ओळखू येत नव्हता, तिच्या लेकरांचं आज आपण कसं ठरवायचं?