कोंडू नगं त्याला

बसा निवांत. लाइट गेली की आमच्या सांगवीत ती कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. दिवा आहे, तेवढा पुरेल. मघाशी तुम्ही विचारलंत, टायपिंगचं काम करता आणि घरात कॉम्प्युटर कसा नाही? होता. काढून टाकला. कसा, ते सांगते.

बारामतीतल्या एका छापखान्याचं काम मी घरी आणून करायचे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, कुणा हौशी माणसाचं आत्मचरित्र. त्या जानेवारीत कॉम्प्युटर फार हळू चालायला लागला. मी बटण दाबायचे आणि अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत पुढची ओळ वाचून व्हायची. वर बसवलेल्या कॅमेऱ्याचा हिरवा दिवाही आपोआप लागायचा. तो कॅमेरा मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी बसवला होता. गंगाराम त्यांचं नाव, एसटीत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर नागपूरच्या लेकीशी समोरासमोर बोलायला मिळावं म्हणून हौसेनं हे सगळं घेतलं होतं. आदल्या पावसाळ्यात ते गेले.

हातातलं एक आत्मचरित्र छापायला द्यायची घाई होती, म्हणून मी बारामतीला ऋषिराजच्या दुकानात गेले. कॉम्प्युटर दुरुस्त करतो तो, समाधानच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या ओळखीतला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वहिनी, स्पायवेअर शिरलंय. तुम्ही काय लिहिता, काय बघता, त्याच्यावर कुणीतरी नजर ठेवतंय. म्हणून मशीन दमतंय."

"मग काढायचं कसं?"

"सॉफ्टवेअर मिळतात. पण निवडताना जपून हां. नेटवर लाल अक्षरात जे घाबरवतं, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे म्हणून ओरडतं, ते चुकूनसुद्धा घेऊ नका. बऱ्याचदा तेच चोर असतं. हे पेनड्राइव्हमध्ये देतो, साधं आहे, फुकट आहे. आधी नेटची वायर काढा आणि मग चालवा."

घरी आले. दुपार होती. साखर कारखाने चालू होते, वाऱ्यावर मळीचा तो आंबूस वास येत होता. पिंकी, माझी मुलगी, दुसरीत होती तेव्हा, ती शाळेत. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई रंगूबाई, मागच्या पडवीत तूर पाखडत होत्या. मी वायर काढली आणि सॉफ्टवेअर चालू केलं. बराच वेळ ते शोधत राहिलं आणि शेवटी म्हणालं, सगळं ठीक आहे. फक्त एक जागा दाखवली, जिथं शेकडो फोटो साठले होते. मी ते कधी काढले नव्हते.

उघडले.

कॅमेऱ्यानं आपले आपणच काढलेले फोटो होते. मी टाइप करतेय, तोंड वाकडं करून. पिंकी चित्र काढतेय. कुणीच नाही, नुसती खोली. आणि खोलीच्या टोकाला, मामांच्या लोखंडी कॉटवर, पांढऱ्या सदऱ्यातलं एक म्हातारं माणूस बसलेलं. पाठमोरं. खांदे पडलेले, मान जरा डावीकडं.

मी मागं वळून बघितलं. कॉट रिकामी होती. गादीसुद्धा आम्ही केव्हाच काढली होती.

मनाला समजावलं, जुने फोटो असतील, मामा होते तेव्हाचे. पण भिंतीवर त्या वर्षीचं नवं कॅलेंडर दिसत होतं.

एकेक फोटो पुढं सरकवत गेले. तो माणूस कॉटवरून उठला होता. मग टेबलाजवळ उभा होता. आणि शेवटच्या काही फोटोंत पिंकी खुर्चीत बसून रंग भरत होती आणि तो तिच्या पाठीमागे, अगदी जवळ, तिच्या डोक्यावरून वाकून बघत होता. तोंड दिसत नव्हतं. तेवढी जागा धुरकट आली होती.

"काय बघतीस गं?"

आत्या कधी आल्या कळलंच नाही. हातात सूप होतं. त्या पडद्याजवळ आल्या, डोळे बारीक करून खूप वेळ बघत राहिल्या. सूप खाली ठेवलं. मला वाटलं, रडतील. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "ऊठ. मला बसू दे हितं."

"आत्या, हे काढून टाकायचंय मला..."

"काय बी काढायचं न्हाय. आन पिंकीला ह्या खोलीत येऊ देऊ नगंस. शाळंतनं आली की दगडाबाईकडं धाड."

दगडाबाई म्हणजे शेजारीण. मला वाटलं, नवऱ्याचा फोटो दिसलाय, बाईला एकटीला बसायचं असेल. मी उठले.

संध्याकाळी समाधान कारखान्यावरून आला, त्याला दाखवलं. तो लॅबमध्ये केमिस्ट आहे, डोळ्यांनी बघितल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारा. आमच्या घराचीच ती रीत. बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्यापलीकडं काही नाही. मामा तर गावात कुणी अंगात आलं म्हटलं की हसायचे. पण समाधाननं पडद्यावर हात ठेवला, वडिलांच्या त्या पडलेल्या खांद्यांवर. "आबाच आहेत गं," म्हणाला. "राहू दे थोडे दिवस. कुणाचं काय बिघडतंय?"

बिघडत होतं. आत्या सकाळी उठल्या की त्या खुर्चीत जाऊन बसायच्या. कॉम्प्युटर बंद करू द्यायच्या नाहीत. ताट नेलं तर तसंच परत यायचं. नवे फोटो येत होते, नेटची वायर काढलेली असताना. सगळ्यांत आत्या समोर बघत बसलेल्या आणि तो त्यांच्या पाठीशी. आधी हातभर लांब. मग खुर्चीला टेकून. मग त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवल्यासारखा. आणि आत्या वाळत चालल्या होत्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. बारामतीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. म्हणाले, जोडीदार गेल्यावर होतं असं, बोलतं ठेवा.

मी कॉम्प्युटरची पिन काढून बघितली. आत्या एवढ्या जोरात किंचाळल्या की दगडाबाई धावत आली. पिन परत लावेपर्यंत आत्या एकच म्हणत होत्या, "पिंकी कुठं हाय? आधी पिंकी कुठं हाय ते बघ!"

दुसऱ्या कुणाच्या घरी असं झालं असतं तर देवऋषी आणला असता, अंगारा लावला असता. आमच्याकडं ते नव्हतं आणि मला ते नकोही होतं. मला वाटत होतं, हे मशीनमधून आलंय, मशीनमधूनच जाईल. बरोबर औषध सापडायला पाहिजे, बस. मी वेड लागल्यासारखी मोबाइलवर वाचत बसायचे. कुणी म्हणायचं, हे सॉफ्टवेअर उत्तम. खाली दुसरा लिहायचा, यानं माझं होतं नव्हतं ते गेलं. नेटची वायर तेवढ्यापुरती जोडून एक टाकलं, त्यानं काही दाखवलं नाही. दुसरं टाकलं, ते मध्येच थांबलं. आणि मग ऋषिराजनं करू नको म्हणून सांगितलेलं तेच मी केलं. लाल अक्षरांचं एक घेतलं. 'तुमच्या घरात कुणीतरी आहे' असं त्यावर लिहिलं होतं. जाहिरातच असेल, सगळ्यांना तेच दाखवत असतील. पण मला वाटलं, यालाच कळलंय.

ते टाकल्यापासून कॅमेऱ्याचा दिवा विझेनाच. फोटो धडाधड यायला लागले. त्याच संध्याकाळी आत्या खुर्चीतून खाली पडल्या.

आम्ही त्यांना पुढच्या खोलीत निजवलं. समाधान गाडी आणायला गेला. पिंकी दगडाबाईकडं होती. मी आतल्या खोलीत गेले, दाराला कडी घातली आणि ऋषिराजला फोन लावला. रडत रडतच सगळं सांगितलं.

"वहिनी, शांत व्हा. दुसरा जो प्रोग्रॅम पेनड्राइव्हमध्ये आहे ना, तो मी अवघड म्हणून सांगितला नव्हता. तो मशीन चालू होतानाच चालवायचा, म्हणजे स्पायवेअरला जागं व्हायला वेळ मिळत नाही. मी सांगतो तसं करा."

बाहेर दिवस मावळत होता. कुठंतरी ऊस पेटवला होता, खिडकीतून त्याची काळी राख आत येऊन कीबोर्डवर पडत होती. मी तो सांगेल ते दाबत गेले. पडदा काळा झाला, पांढरी अक्षरं पळायला लागली. शोध चालू झाला.

"वहिनी..."

"हां?"

"तुमच्या मागं जे बोलतायत ना... त्यांना जरा थांबायला सांगा. मला तुमचं ऐकू येत नाहीये."

दाराला आतून कडी होती. मानेवर ऊन ऊन श्वास यावा तसं नव्हे, त्याच्या उलट... कुणीतरी तिथली ऊब ओढून घेत असावं तसं वाटत होतं. मागं वळायचं नाही, एवढं एकच मी मनाशी धरून ठेवलं.

"वहिनी? आलं का काही?"

आलं होतं. पडद्यावर एकच ओळ होती, नाव नसलेल्या एका फाइलची. खाली दोन पर्याय. क्वारंटाइन, आणि डिलीट.

"क्वारंटाइन करा," ऋषिराज म्हणाला. "म्हणजे आत एका कोपऱ्यात कोंडून ठेवायचं. डिलीटमध्ये कधी कधी विंडोजच उडतं, तुमचं सगळं काम जाईल. क्वारंटाइन सेफ..." आणि फोन कट झाला.

मी क्वारंटाइनवर बोट ठेवलं, तेवढ्यात दार वाजलं. "प्रिया... उघड."

आत्यांचा आवाज होता. ज्या बाईला उठून बसता येत नव्हतं ती भिंतीला धरून तिथवर आली होती. मी कडी काढली. त्या उंबऱ्यातच बसल्या. पडदा काही त्यांना वाचता येत नव्हता, पण मला म्हणाल्या, "काय करायलीस?"

"कोंडून ठेवते, आत्या. पुसत नाही. मामांना पुसत नाही..."

"कोंडू नगं त्याला!" त्या म्हणाल्या. "कोंडलंस तर घरातच ऱ्हाईल त्यो."

माझा हात तिथंच थांबला. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली; आत्यांनी मामांना 'ते', 'ह्यांनी', 'त्यांना' याशिवाय कधी काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. भांडतानासुद्धा नाही.

"त्याला...?" मी विचारलं.

"ते तुझं मामा न्हायत, पोरी. मला पैल्या दिशीच कळलं. त्येंच्यासारखं खांदं पाडून बसतंय, एवढंच."

"मग तुम्ही... का बसलात तिथं?"

"पिंकीमागं हुबा व्हता न्हवं? म्या त्याला म्हनलं, ल्हान लेकरू हाय, तिच्यात काय हाय घ्यायला. माझ्यामागं ये." आत्यांना धाप लागली. "आला. माझ्यावरनं नजर हलवली न्हाय त्यानं. पर आता माझ्यात काय उरलं न्हाय. पूस त्याला. पूस लौकर."

मी डिलीट दाबलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग कॅमेऱ्याचा हिरवा दिवा विझला आणि आत्यांनी उंबऱ्यावर डोकं टेकलं. मला वाटलं, गेल्या. जवळ जाऊन बघितलं तर त्या झोपल्या होत्या, तोंड उघडं टाकून, लहान मूल झोपतं तशा.

विंडोज उडालं, माझं सगळं काम गेलं, ते आत्मचरित्र मी पुन्हा पहिल्यापासून टाइप केलं, प्रेसमध्ये बसून. समाधान काही दिवस माझ्याशी बोललाच नाही. "आबांना पुसलंस तू," एवढंच एकदा म्हणाला. आत्यांनीच त्याला जवळ बसवून सांगितलं. त्याला पटलं का नाही माहीत नाही. पण कॉम्प्युटर त्यानं स्वतः उचलला, कॅमेऱ्यासकट गाडीत घातला आणि बारामतीला भंगारात देऊन आला.

आत्या सुधारल्या. आता भाकरी खातात, दगडाबाईशी भांडतात, पिंकीचा अभ्यास घेतल्याचं नाटक करतात. आज तर तिला जवळून हलूच देत नाहीत, तुम्ही बघितलंतच मघाशी.

एकच राहिलं होतं. दर रविवारी मी त्यांना तेल लावून न्हायला घालते. त्यांच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, तळहाताएवढी जागा गार असायची. उन्हाळ्यातसुद्धा. कढत पाणी ओतलं तरी तिथून खाली येईपर्यंत कोमट व्हायचं. मी विचारलं तर म्हणायच्या, "असू दे. हितं हाय तवर बरं हाय." मला वाटायचं, म्हातारपणाचं काहीतरी असेल. मी खोदून विचारलं नाही.

आज सकाळी तेल लावायला हात ठेवला, तर ती जागा ऊबदार होती. बाकीच्या पाठीसारखी. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. म्हटलं, "आत्या, गेलं की हो! अगदी गेलं!"

त्यांनी हात मागं नेऊन आपली पाठ चाचपून बघितली. एकदा, दोनदा. तेल तसंच निथळत होतं. मग अंगाला पातळ गुंडाळत त्या पाटावरून उठल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पिंकी कुठं हाय?" त्या म्हणाल्या.