एक घर मागे

हणमंत घुगेच्या डाव्या बुटाला लाल नाडी, उजव्याला पांढरी.

आज्ञावली बांधताना संकलकाचा (कंपायलरचा) इशारा : ही अट कधीच खरी ठरणार नाही.

सह्याद्रीच्या पोटात बोगदा खणणारे खोदयान नऊ दिवस फक्त पुढेच गेले.

शलाका मोघेने असे दोनशे बारा इशारे संकलकाला दिलेल्या एका सूचनेने, एका फ्लॅगने, गप्प केले होते आणि चहा घेतला होता.

−१

"रफिकभाई, हळू घ्या. पँट नवीन आहे," हणमंत म्हणाला. खोदयान आणि कातळ यांच्यामधल्या हातभर फटीत शिरून तो यंत्राचा तुटलेला दात बदलत होता.

"पोट आत घे लेका, जागाच जागा होईल," यंत्रामागे उभा असलेला चालक रफिक मुलाणी हसला आणि त्याने रिमोटचा खटका एक घर मागे ओढला.

२५५

साठ टनांचे यंत्र पुढे झेपावले. हणमंतची मांडी कातळावर चिरडली. हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या वर ऐकू आला. रफिकने पुन्हा मागे ओढले. यंत्राने पुन्हा धडक दिली. दिव्याच्या काचेवर रक्त उडाले.

०

"थांबा! हात काढा!" बोगद्याच्या तोंडाशी असलेल्या कक्षातून शलाका वॉकीटॉकीवर ओरडली. यंत्राची आज्ञावली तिनेच लिहिली होती.

"मॅडम, मी मागेच घेतोय! आईशप्पथ!"

"माहितेय. आज्ञेचा आकडा आठ बिटांच्या कप्प्यात जातो. कप्प्यात शून्य ते दोनशे पंचावन्न मावतात. माझा लॅपटॉप एकशे अठ्ठावीसपासूनचे आकडे उणे धरतो, म्हणजे मागे. तुमच्या यंत्राची चिप सगळेच पुढे धरते. उणे एक तिथे दोनशे पंचावन्न होतो. पूर्ण जोर."

"तुम्ही तपासलं नव्हतं?"

"लॅपटॉपवर."

"मग हा काय लॅपटॉपखाली अडकलाय?"

तिने लॅपटॉप जवळ ओढला. परसंकलन म्हणजे एका यंत्रावर बसून दुसऱ्यासाठी आज्ञावली बांधणे. त्या दुसऱ्याने आकडे कसे वाचायचे, हे फ्लॅग देऊन सांगावे लागते. तो एक फ्लॅग राहिला होता. चिपनेही लॅपटॉपसारखेच आकडे वाचावेत म्हणून तिने तो घातला, आज्ञावली नव्याने बांधली, यंत्रात उतरवली. अकरा मिनिटे. हणमंत ओरडत होता. नवव्या मिनिटाला तो थांबला.

"आता घ्या. एकच घर मागे."

यंत्र मागे सरकले. रफिकने हणमंतला बगलेत धरून बाजूच्या फटीतून ओढत यंत्रामागे आणले. लाल नाडीचा बूट पुढेच राहिला.

"श्वास आहे, मॅडम! जिवंत आहे!"

तेवढ्यात समोरचा कातळ तडकला. धोंडे सुटू लागले.

"खोदयान पुढे घ्या! पुढची ढाल कातळाला टेकवा, नाहीतर छत खाली येईल!"

हणमंतशेजारी गुडघ्यांवर बसूनच रफिकने खटका पुढे लोटला.

−५६

शलाकाच्या पडद्यावर हा आकडा उमटला. यंत्र मागे आले. वॉकीटॉकीवर आधी रफिकची किंकाळी आली, मग नुसते इंजिन.

सोमवारी कातळ फुटेना, म्हणून रफिकने पुढे जाण्याचा जोर शंभरावरून दोनशेवर नेऊन ठेवला होता.