पऱ्हाटीची पंगत

"तुमच्याकडचा सगळ्यात मोठा गंज पाह्यजे होता."

"किती पानांचं जेवन हाये?"

"जेवन नाई... पऱ्हाटी वाफवाची हाये."

रोहण्यात लग्नाचा मांडव, गाद्या, भांडी भाड्याने देणाऱ्या भूपेंद्रने आता कुठे माझ्याकडे नीट पाहिलं. "पाहुने कोन हायेत?"

"जिवाणू," मी म्हणाले.

तो खळखळून हसला — आणि मी, वर्ध्याच्या कॉलेजातून प्रयोगासाठी आलेली शहाणी वर्षाली, उगाचच ओढणी सावरत बसले.

कापूस वेचून झाला की उरलेली वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, लोक शेतातच जाळतात. पण कुट्टी करून वाफवली, तर ती गोबरगॅसच्या टाकीतल्या जिवाणूंना पचते आणि चुलीला गॅस मिळतो. बचत गटाच्या प्रमिलाबाईंनी अंगणातली शेणावर चालणारी टाकी मला दिली होती. पऱ्हाटीच्या गॅसवर शेगडी पेटली तर गट हे काम पुढे नेणार. नाही तर मी गाशा गुंडाळणार.

भूपेंद्र तो गंज — पंगतीचं मोठं पातेलं — पोचवायला आला, तो रोजच येऊ लागला. भट्टी तोच लावायचा. धुरातून आमची नजरानजर झाली, की डोळे चोळायचं निमित्त दोघांनाही असायचं!

एक दिवस मी आर्वीला नळी आणायला गेले. परतले, तर भूपेंद्रसाहेबांनी वाफवलेली सगळी पऱ्हाटी टाकीत ओतलेली. दुसऱ्या दिवशी गॅस बंद.

"गरमच टाकली?"

"मंग? पंगतीत थंड वाढलं तं लोकं नावं ठेवतेत ना!"

मला रडूच फुटलं. ती निववून घालायची असते. माझे जिवाणू पोळून मेले होते.

मांडववाल्या शेटजींचा हा लेक पाटी घेऊन नव्या जिवाणूंसाठी दारोदार ताजं शेण मागत फिरला. थंडी होती, म्हणून भाड्याच्या गाद्या टाकीभोवती बांधल्या. "नव्या पाहुन्याइले हीव नाई वाजलं पाह्यजे," म्हणाला. रागावू तरी कशी...

थंडी ओसरता ओसरता, निववलेल्या पऱ्हाटीच्या गॅसवर शेगडी पेटली. प्रमिलाबाईंनी चहाचं आधण ठेवलं आणि म्हणाल्या, "आता सोडत नाई आमी हे काम, पोरी." माझे डोळे भरून आले. मी अंगणात, टाकीसाठी शेण कालवणाऱ्या भूपेंद्रजवळ गेले.

"तुमचे उपकार कसे फेडू मी?"

"फेडू नोका," तो खाली बघत म्हणाला. "फिटले तं... तुमी चालल्या जासान."

मी त्याचा शेणाने माखलेला हात हातात घेतला.

"मंग नाई फेडत."